आकड्याला अर्थाची जोड
(शिक्षक व ग्रामस्थांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



पर्जन्यमापकाला जोडलेल्या एखाद्या सेन्सरने संगणकाकडे ४२ हा आकडा पाठविला, असे समजा. हे बेचाळीस कशाचे? पावसाच्या मिलिमीटरचे, की हवेच्या तापमानाचे? कोणत्या ठिकाणचे आणि केव्हाचे? ही उत्तरे सोबत नसतील, तर तो आकडा मुका आहे. पूर्वी पायलीने धान्य मोजताना कोणत्या गावची पायली, हे आधी विचारावे लागे. तोच हा प्रश्न आहे.

भारतीय हवामान विभागाच्या प्रघातानुसार दैनिक पाऊस सकाळी ८.३० वाजता मोजला जातो आणि तो मागील चोवीस तासांचा असतो. दुसऱ्या यंत्राचा दिवस मध्यरात्री संपत असेल, तर रात्री दहा वाजता पडलेली एकच सर दोन नोंदवह्यांत दोन निरनिराळ्या तारखांना दिसेल. माणूस चौकशी करून हा घोटाळा निस्तरील. यंत्राला ते कसे साधावे?

अशा उणिवेची किंमत मोठी असते. १९९९ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळापाशी पोहोचून नष्ट झाले. एका संगणक-प्रणालीने दिलेले आकडे पाउंडाच्या मापातील होते. दुसरीने ते न्यूटनच्या मापातील समजून वापरले. आकडे पोहोचले, परंतु त्यांचे माप पोहोचले नाही.

यावरील उपाय म्हणजे अर्थासह माहिती पाठविणे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी दोन सहकाऱ्यांसमवेत २००१ मध्ये ‘सिमँटिक वेब’ ही कल्पना एका लेखातून विस्ताराने मांडली. तिच्यात माहिती तीन पदांच्या लहान वाक्यांत मांडतात: ‘ही नोंद — अमुक सेन्सरने — केली’, ‘या नोंदीचा विषय — पाऊस — आहे’. प्रत्येक वस्तूला व संबंधाला इंटरनेटवर स्वतःचा निश्चित पत्ता असतो. त्यामुळे नामसाधर्म्याने गफलत होत नाही. व्याकरण शिकविणाऱ्या शिक्षकांना ही रचना परकी वाटू नये.

सेन्सरांसाठी अशी सामायिक परिभाषा वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम व ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियम या संस्थांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. सेन्सर कोणता, पाहणी कशाची, कोणता गुण मोजला आणि फल काय, हे तीत वेगवेगळे सांगता येते. विशेष म्हणजे, घटना घडल्याचा काळ आणि फल हाती आल्याची वेळ यांसाठी तीत दोन स्वतंत्र रकाने आहेत. आपला ८.३० चा प्रश्न तेथे सुटतो.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. झाडाखाली ठेवलेल्या पर्जन्यमापकाची चूक कोणतीही परिभाषा सुधारू शकत नाही. यंत्र योग्य जागी बसविणे व त्याची निगा राखणे हे माणसाचेच काम राहील.

म्हणून शाळेच्या आवारात विद्यार्थ्यांकडून पाऊस मोजवून घ्याल, तेव्हा केवळ आकडा लिहू देऊ नका. स्थळ, कालावधी, माप व साधन हेही लिहावयास लावा. ही सवय आज वहीत रुजली, तर उद्या यंत्रांनाही तीच शिकविणे सोपे जाईल.