वहीवरचा हात



कुणाचाही कॉम्प्युटर अडला की तुम्ही मला फोन करता. तोच मी गेल्या वर्षी फसलो. ‘बिल थकलंय, आज रात्री वीज तोडू,’ असा मेसेज आला. त्यातल्या नंबरवर फोन केला, समोरच्याने सांगितलेलं ॲप मोबाइलवर घेतलं आणि माझा स्क्रीन त्याला दिसू लागला. ओटीपी मी सांगितलाच नाही. त्याने तो वाचला. 40 हजार गेले.

खरी चूक पुढेच झाली. लाजेपोटी दोन दिवस घरातही बोललो नाही. 1930 या हेल्पलाइनवर लगेच कळवलं, तर पैसे वाटेतच रोखले जाण्याची शक्यता असते. मी कळवेपर्यंत ते पुढे गेले होते.

म्हणून, अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून ॲप घेऊ नका. पैसे मिळवायला यूपीआय पिन लागत नाही. तरीही फसलात, तर आधी मोबाइलचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि 1930 ला कळवा, तिथूनच पासवर्ड बदला. मेसेज पुसू नका, तक्रारीला लागतात.

गणित चुकलं की मी वहीवर हात ठेवायचो. बाई म्हणायच्या, “हात काढ. दिसलं तर दुरुस्त करता येईल.”

आज तुमच्यासमोर हात काढला आहे.