पत्रादेवीचा हुतात्मा आणि ईसडूचे घर

पेडणे तालुक्याच्या उत्तर टोकाला, बांद्याकडून गोव्यात उतरणाऱ्या वाटेवर वसलेल्या पत्रादेवी येथे १५ ऑगस्ट १९५५ रोजी पोर्तुगीज सैनिकांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर, म्हणजे शस्त्र न उचलता बंदीहुकूम मोडण्यासाठी सीमा ओलांडणाऱ्या स्वयंसेवकांवर, गोळीबार केला. त्या दिवशी गोव्याच्या सीमांवर वीसहून अधिक जणांनी प्राण गमावले. मध्य प्रदेशातील सहोदराबाई राय हाती तिरंगा असताना गोळी लागून जखमी झाल्या, तेव्हा पुढे सरसावलेले कर्नैलसिंग बेनिपाल हे पंजाबातील लुधियाना जिल्ह्यातल्या ईसडू गावचे तरुण शिक्षक होते, आणि तेही गोळीला बळी पडले. त्यांच्या लग्नाला जेमतेम काही महिने झाले होते. कोकणी-मराठी मुलखाशी नातेगोते नसलेल्या त्या शेतकरी घरातील नववधूच्या वाट्याला आलेले दीर्घ वैधव्य हा गोवामुक्तीच्या इतिहासाचाच भाग मानला पाहिजे, कारण इतिहासग्रंथ हुतात्म्यांची संख्या नोंदवतात, घरे क्वचितच. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला; पत्रादेवीला हुतात्मा स्मारक उभे राहिले, तर ईसडूत दर १५ ऑगस्टला कर्नैलसिंगांच्या स्मृतीसाठी लोक जमतात.