समजूत काढण्याची विद्या

प्राथमिक शाळेतील मुलाचे भावनिक स्वास्थ्य हा विषय शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात बहुधा शेवटच्या घटकात येतो आणि परीक्षेच्या तोंडावर पर्यायात सोडूनही दिला जातो; परंतु इंदूरच्या या दीक्षान्त सभागृहातून बाहेर पडून येत्या जूनमध्ये पहिली-दुसरीच्या वर्गात उभ्या राहणाऱ्या स्नातकांची गाठ पाढे आणि बाराखडी यांच्याही आधी याच विषयाशी पडणार आहे. राग, भीती, मत्सर किंवा अनावर आनंद यांचा जोर ओळखणे, तो कोणाला न दुखावता बाहेर पडू देणे आणि विस्कटलेले मन पुन्हा जागेवर आणणे, या क्षमतेला मानसशास्त्रात भावनियमन म्हणतात. भावना दाबून टाकणे म्हणजे भावनियमन नव्हे. डोळ्यांतले पाणी गिळून गप्प बसणाऱ्या मुलाला ‘शहाणा’ ठरवण्याची जी जुनी सवय घराघरांत आणि वर्गावर्गांत आहे, तिच्यामुळे मोठ्यांची सोय होते, मुलाचे मन मात्र तिथेच अडून राहते.

ही क्षमता जन्मतः पूर्ण नसते. आवर घालण्याचे आणि पुढचा विचार करण्याचे काम मेंदूच्या ज्या पुढच्या भागाकडे असते, त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते, त्यामुळे सहा वर्षांच्या मुलाला नुसते ‘शांत हो’ म्हणून दटावणे म्हणजे त्याच्याजवळ अजून नसलेली वस्तू त्याच्याकडे मागणे होय. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोत्स्की (1896–1934) यांनी असे मांडले की, उच्च मानसिक कार्ये आधी दोन माणसांच्या व्यवहारात घडतात आणि मग एका माणसाच्या आत उतरतात. हेच तत्त्व भावनांना लावले की सहनियमनाची कल्पना हाती येते, म्हणजे मोठ्या माणसाने आपल्या स्थिर आवाजाचा आणि चेहऱ्याचा आधार देऊन मुलाला सावरणे, आणि असे अनेकदा घडल्यावर मुलाला ते स्वतःचे स्वतः जमू लागणे. मराठीत या संज्ञेची वाट पाहण्याची गरज कधी पडली नाही. येथे समजूत घालता येते आणि काढताही येते; घालण्यात बाहेरचे काही आत जाते, काढण्यात मुलाच्या आत असलेलेच वर येते, आणि हा भेद ज्याने केला त्या अनाम भाषिकाला बालमानस चांगले कळत असावे.

इंदूरच्या संदर्भात भाषेचा हा मुद्दा अधिक गंभीर होतो. होळकरांच्या काळापासून येथे नांदणाऱ्या मराठी घरांत मूल आजीजवळ मराठी बोलते, गल्लीत हिंदी बोलते आणि वर्गात अनेकदा इंग्रजी पाठ्यपुस्तकापुढे बसते. शेजारच्या बाकावरील मुलाच्या घरी माळवी, सिंधी किंवा गुजराती असते. घरी हे मूल रुसते, फुगते, हिरमुसते, खट्टू होते, कावरेबावरे होते, धास्तावते, आणि शाळेच्या फाटकातून आत येताच त्याच्याजवळ ‘सॅड’, ‘हॅपी’, ‘अँग्री’ एवढे तीनच शब्द उरतात, कारण भिंतीवरच्या तक्त्यावर तेवढेच चेहरे काढलेले असतात. रुसणे म्हणजे राग नव्हे. रागावता कोणावरही येते, रुसता येते ते आपल्याच माणसावर, आणि त्याने आपली मनधरणी करावी ही अपेक्षा रुसण्यातच गृहीत असते. हिंदीत रूठना आणि मनाना अशीच जोडीने चालतात. रुसलेल्या मुलाला ‘अँग्री’च्या चित्राखाली उभे केले की त्याची तक्रार नोंदली जाते आणि त्याने धरलेली आशा नजरेआड होते. मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या मेंदूप्रतिमांच्या अभ्यासात, भावनेला शब्दाने नाव दिले असता भयाशी संबंधित असलेल्या अमिग्डला या भागाची प्रतिक्रिया मंदावते, असे दिसले. तो अभ्यास प्रौढांवरचा होता हे खरे. तरीही ज्या मुलाचे नेमके शब्द वर्गाबाहेर राहतात, त्याच्या हातून सावरण्याचे एक साधन जाते, असे मानण्यास जागा आहे.

भारतातील बालशिक्षणाने मुलाला भावना सावरायला शिकवण्याचा हा विचार परदेशी कार्यशाळांतून अलीकडे उचलला, असा एक समज नव्या पिढीत आहे, आणि तो निराधार आहे. मारिया मॉन्टेसरी यांनी 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिले बालगृह उघडले आणि 1939 मध्ये त्या भारतात आल्या. त्याच्या बऱ्याच आधी, 1920 साली, गिजुभाई बधेका यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केले होते आणि 1926 साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या कामातून ताराबाई मोडक यांनी हा विचार मराठीत रुजवला. इंदुरात शालिनीताई मोघे यांनी 1947 साली बालनिकेतन संघाची स्थापना केली. 1968 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2011 साली, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ‘भावनियमन’ हा शब्द त्या पिढीच्या तोंडी नव्हता, पण त्याचा सराव देणारा एक खेळ मॉन्टेसरींनी घडवला होता आणि तो येथील बालमंदिरांत शांतीचा खेळ म्हणून पोचला. खोलीत थोडा अंधार केला जातो, मुले हातपाय न हलवता बसतात, घड्याळाची टिकटिक किंवा बाहेरच्या पानांची सळसळ ऐकू येऊ लागते, आणि मग बाई हलक्या आवाजात एकेकाचे नाव घेतात. नाव ऐकू आले की मूल चवड्यांवर, आवाज न करता त्यांच्यापर्यंत जाते. शेवटच्या मुलाला आपले नाव येईपर्यंत थांबावे लागते, आणि खेळाची सगळी शिकवण या थांबण्यात आहे: उतावीळ शरीराला मूल स्वतःच आवरते, शिक्षेच्या भीतीने नव्हे तर नाव येणारच या खात्रीने. छडीने किंवा धाकाने मिळवलेली शांतता बाहेरून अगदी अशीच दिसते, आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला दोहोंतला फरक क्वचितच कळतो.

या खात्रीचे मोल एका प्रयोगाने मोजले गेले आहे. आता एक गोड वडी खा किंवा थांबलास तर दोन मिळतील, ही मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांची चाचणी बहुतेक स्नातकांनी मुलाच्या निग्रहाची कसोटी म्हणून वाचलेली असते. सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अठ्ठावीस मुलांना या चाचणीआधी चांगले रंगसाहित्य आणून देण्याचे वचन दिले गेले. निम्म्या मुलांच्या बाबतीत ते पाळले, उरलेल्यांच्या बाबतीत मोडले. ज्यांना वचन पाळणारे माणूस भेटले ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली, इतर मुले तीन मिनिटे. नमुना लहान आहे. पण ज्याला आपण मुलाचा स्वभाव समजतो त्याचा मोठा भाग समोरच्या मोठ्या माणसाच्या भरवशावर उभा असतो, हे त्यातून लख्ख दिसते. ‘उद्या गोष्ट सांगू’ असे म्हणून ती न सांगणारी शिक्षिका गोष्टीपेक्षा बरेच काही बुडवते.

कायदा या बाबतीत शाळांच्या पुढे आहे. 2010 पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे आणि एकोणतिसाव्या कलमाने मुलाला भय, आघात व चिंता यांपासून मुक्त ठेवणे हे अभ्यासक्रमाचे काम ठरवले आहे. मध्य प्रदेशाने तर 2016 साली आनंद विभागच स्थापन केला. यानंतरचा सोपा मार्ग म्हणजे वेळापत्रकात आठवड्याला एक ‘भावनिक स्वास्थ्या’चा तास घालणे, आणि तो पुष्कळदा घातला जातो. ब्रिटनमध्ये पंच्याऐंशी शाळांत किशोरवयीन मुलांना सजगध्यानाचे धडे देऊन झालेल्या व 2022 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, नेहमीच्या शिकवणीहून अधिक लाभ आढळला नाही. 2017 पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत पहिल्या आलेल्या या शहराला त्याचे आश्चर्य वाटू नये. ओला आणि सुका कचरा वेगळा करणे येथील मुले धड्यातून नव्हे, तर घरातली मोठी माणसे रोज सकाळी दारात गाडी आल्यावर काय करतात हे पाहून शिकली.

मात्र मुलांनी ज्यांच्याकडे पाहायचे त्यांची स्थिती काय, हा प्रश्न धोरणांच्या कागदांत फारसा येत नाही. त्याच कायद्याचे सत्ताविसावे कलम शिक्षकाला अशैक्षणिक कामांना जुंपण्यास मनाई करते आणि लगेच जनगणना, आपत्तीनिवारण व निवडणुका यांचा अपवाद ठेवते. प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण कागदावर असते आणि एक सहकारी निवडणुकीच्या कामावर गेला की दोन वर्ग एकत्र बसतात. थकलेल्या माणसाचा आवाज आपोआप चढतो, आणि वर्गाचे नियमन ज्या आवाजावर उभे तोच हातचा जातो. म्हणून मुख्याध्यापकाने मधल्या सुट्टीत शिक्षिकेला दहा मिनिटे मोकळी ठेवणे, ही विद्यार्थीस्वास्थ्याचीच तरतूद आहे.

स्नातकांपुरते पाहता, पहिल्या आठवड्यात होण्याजोगे एक काम असे: हजेरीपटाच्या मागच्या पानावर प्रत्येक मुलाच्या नावापुढे, ते बिनसल्यावर घरी त्याला काय म्हणतात तो शब्द, त्याच्याच घरच्या बोलीत, पालकांना विचारून लिहून ठेवावा; आणि ते कोणाच्या जवळ गेल्यावर निवते, हेही तेथेच लिहावे.