युद्धपट आणि वारशाने आलेले वैर



आजोबांचे बांधावरून भांडण झालेले असते. नातवाला तो बांध धड ठाऊकही नसतो. पण शेजारच्या घरी पाणी प्यायचे नाही, एवढे मात्र पक्के ठाऊक असते. दोन समाजांत असे वैर मुरले म्हणजे काय होते, ते दाखवणाऱ्या एका चित्रपटाविषयी आज थोडे सांगावे म्हणतो.

'द बॅटल ऑफ अल्जीअर्स' हे त्याचे नाव. जिल्लो पोंतेकोर्व्हो या इटालियन दिग्दर्शकाने तो १९६६ साली काढला. उत्तर आफ्रिकेतला अल्जीरिया १८३० पासून फ्रेंचांनी जिंकायला घेतला. १९५४ मध्ये तिथे स्वातंत्र्ययुद्ध पेटले आणि १९६२ साली देश स्वतंत्र झाला. म्हणजे पहिली गोळी सुटली तेव्हा वैर सव्वाशे वर्षांचे होते!

युद्धपटांची एक ठरलेली रीत असते. आपला शिपाई पडला की त्याची आई दिसते, संगीत दाटून येते. पलीकडचा पडला की आपण टाळ्या वाजवतो. त्याला ना नाव, ना घर. या चित्रपटाने ती रीत मोडली.

अल्जीअर्स शहरात अरबांची दाट वस्ती आहे, तिला कसबा म्हणतात. तिथे रात्री बाँब फुटतो, घरे कोसळतात, ढिगाऱ्यातून मुलांची प्रेते काढतात. आपल्याला संताप येतो. मग तीन अरब स्त्रिया युरोपीय वेष करून, पिशव्यांत बाँब लपवून फ्रेंच वस्तीत जातात. त्यांतली एक उपाहारगृहात बसते, सभोवार पाहते. तरुण हसताहेत, एक लहान मूल आइसक्रीम खाते आहे. ती पाहते, आणि बाँब ठेवून निघून जाते. ती का आली हे आपल्याला कळलेले असते. पण टाळीसाठी हात उठत नाही. स्फोटानंतर जे शोकसंगीत वाजते, तेच कसब्यातल्या प्रेतांपाशी वाजलेले असते.

कुणी म्हणेल, अहो, हे मारेकऱ्यांना पाठीशी घालणे नव्हे काय? मला तसे वाटत नाही. दिग्दर्शकाचा कल अल्जीरियन लोकांकडे आहे आणि तो लपवीत नाही. तरी बाँबने मेलेले मूल तो झाकत नाही. फ्रेंच सेनाधिकारीही राक्षस दाखवलेला नाही. तो सभ्य, हुशार आहे. आणि त्याच्याच हुकमतीत कैद्यांचा छळ होतो. कारण समजणे निराळे आणि क्षमा करणे निराळे. कारण समजल्यावाचून पुढचा बाँब मात्र थांबायचा नाही.

एका प्रसंगात एक म्हातारा अरब मजूर रस्त्याने चाललेला असतो. सज्जांतून लोक त्याच्यावर ओरडतात. त्याने काहीच केलेले नसते. तो 'त्यांच्यातला', एवढाच त्याचा अपराध.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुले युद्धपट पाहून येतात, वर्गात त्यातली गाणी म्हणतात. त्यांना एकदा सहज विचारा: यात कुणाची आई दिसली आणि कुणाची दिसली नाही? उत्तर तुम्ही देऊ नका. मुले गप्प झाली तरी समजा, धडा सुरू झाला.