एक नळ आणि घरभर पाणी
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



सेक्रेटरी साहेब म्हणाले, "घरातल्या इंटरनेटवर बोला, पण आजींनाही कळेल असं बोला." म्हणून सुरुवात पाण्यापासून करतो. आपल्या शहरात पाण्याचा विषय काढला की झोपलेला माणूससुद्धा उठून बसतो!

जायकवाडीचं पाणी आपल्या गेटपर्यंत एकाच पाइपातून येतं. ते आधी हौदात पडतं, मोटारीनं गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि मग प्रत्येक फ्लॅटला उतरतं. इंटरनेटचंही तसंच आहे. कंपनी घरात एकच कनेक्शन देते. ते सगळ्या कॉम्प्युटरांत वाटायचं काम राउटर नावाचा डबा करतो.

आता वाटतो कसा? आपल्या वॉचमनसारखा. बाहेरच्या जगाला फक्त सोसायटीचा पत्ता माहीत असतो. कुणी काय मागवलं हे वॉचमन वहीत लिहितो आणि पार्सल आलं की बरोबर त्या फ्लॅटला पाठवतो. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक आतला नंबर देतो आणि बाहेर मात्र एकच पत्ता दाखवतो. हे करावं लागलं, कारण इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत जगभरात मिळून पत्तेच साधारण ४२९ कोटी आहेत, आणि माणसं ८०० कोटींच्या वर.

आपली सोसायटी सुरू झाली तेव्हा हा प्रश्नच नव्हता. देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत. आपण इथे राहायला आलो तेव्हा फोनच्या तारेवर मोडेम किरकिरायचा. वेग जास्तीत जास्त ५६ केबीपीएस. चार एमबीचा एक फोटो उतरायला दहा मिनिटं, आणि तेवढा वेळ घरचा फोन बंद! २००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं. आज तेवढ्यात व्हिडिओ कॉलसुद्धा धड चालणार नाही. पण घरात कॉम्प्युटर एक, तार एक. भांडण नव्हतं.

मग आला मार्च २०२०. एका घरात तीन-तीन लॅपटॉप. मुलाचं ऑफिस, मुलीचं कॉलेज, माझी टायपिंगची कामं. सगळे वाय-फायवर. आतल्या खोलीत रेंज नाही, कारण मधे आरसीसीची भिंत. त्यात वाय-फायच्या जुन्या पट्ट्यात एकमेकांना न अडवणारे चॅनेल तीनच असतात, आणि इमारतीत राउटर घरटी एक. आपल्या वार्षिक सभेत सगळे एकदम बोलायला लागले की कुणालाच काही ऐकू येत नाही ना, अगदी तसं.

मी हुशारी केली. माळ्यावरचा जुना राउटर काढला आणि तार जोडून आतल्या खोलीत लावला. रेंज आली, मी खूश. दुसऱ्या दिवशी मुलीची शेवटच्या वर्षाची ऑनलाइन परीक्षा. परीक्षा चालू असताना लाइट गेली आणि लगेच आली. सगळं परत सुरू झालं, पण तिच्या लॅपटॉपवर इंटरनेट नाही. वीस मिनिटं गेली. शेवटी मोबाइलवरून जोडून तिनं पेपर पूर्ण केला, पण काही प्रश्न राहिलेच. मी तोपर्यंत कंपनीच्या माणसाला फोनवर झापत होतो. मुलीनं विचारलं, "बाबा, तुम्ही काल काही बदललं होतं का?" मी म्हणालो, "नाही."

चूक माझीच होती. जुना राउटरही आतले नंबर वाटत होता. म्हणजे एका गेटवर दोन वॉचमन, आणि दुसऱ्याला बाहेरचा रस्ताच माहीत नाही. लाइट आल्यावर लॅपटॉपनं नंबर मागितला, जुन्यानं आधी उत्तर दिलं आणि लॅपटॉप भलतीकडेच गेला.

त्यातून जे शिकलो ते सांगतो. नंबर वाटणारा डबा घरात एकच ठेवा. जुना राउटर वापरायचाच असेल तर त्याची नंबर वाटायची सोय आधी बंद करा. जागा वाढवायला साधा स्विच घ्या. तो नंबर वाटत नाही, फक्त फाटे देतो. कॉम्प्युटर एका जागी असेल तर त्याला तारच द्या. तारेत आठ बारीक वायरी असतात, त्या आठही जोडून घ्या. चारच जोडल्या तरी दिवा लागतो, पण वेग १०० एमबीपीएसवर अडकतो. विजेच्या वायरीच्या पाइपातून ही तार नेऊ नका. आणि लाइट गेल्यावर राउटर चालू राहील अशी छोटी बॅटरी मिळते, ती जरूर घ्या.

आता सोसायटीसाठी एक विनंती. आपल्या जिन्यात पंचवीस वर्षांच्या वायरींचं जाळं झालंय. काही बंद पडलेल्या, काही कुणाच्या ते कुणालाच ठाऊक नाही. रंगकामाआधी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत एक मोठा रिकामा पाइप बसवू या, प्रत्येक मजल्यावर उघडता येईल असा. गच्चीवरून तांब्याची तार ओढू नका. पावसाळ्यात जवळ वीज पडली तर तारेतून येणाऱ्या झटक्यानं राउटर जळतो. काचेच्या फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून घरापर्यंत फायबरच मागा. खर्च एकदाच होईल, आणि दर वेळी भिंतीला नवं भोक पाडण्यावरून होणारी भांडणं वाचतील.

राहता राहिली माझी "नाही". मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली, आता पुण्यात नोकरी करते. दोन वर्षांनी धीर करून मी तिला खरं सांगितलं. ती हसली. म्हणाली, "बाबा, मला तेव्हाच कळलं होतं. जुन्या राउटरचे दिवे लागलेले दिसत होते की!"

म्हणून तुमच्या घरी नेट बंद पडलं, तर कंपनीला फोन करण्याआधी एकदा आठवा, काल आपण काय हलवलं होतं. आणि घरात कुणी विचारलं, तर खरं सांगा.