ठोकळ्याने हौदा उचलतो, गाडीची ताकद नाही
(मोहोळ येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मालाच्या भावावर बोलणार नाही. तो माल ज्या गाडीतून बाजारात जातो तिच्यावर बोलणार आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पिकअपच्या मागच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे बसवले आहेत. माझ्याही गाडीला होते. म्हणून हे बोलणे दुसऱ्याला नावे ठेवण्याचे नाही.

ठोकळा का बसवतो? दोन कारणे सांगितली जातात. पावसात पाणंदीत चाकोऱ्या पडतात आणि गाडीचे पोट टेकते, हे एक. कापूस किंवा ज्वारीची पोती भरली की मागची बाजू बसते, हे दुसरे.

पहिले कारण तपासू. चाकोरीत आधी टेकतो तो मागच्या हौसिंगचा गोळा. ठोकळा बसतो हौसिंगच्या वर आणि पाट्यांच्या खाली. तो हौदा उचलतो. हौसिंग जमिनीपासून किती उंच, हे चाक ठरवते. दोन इंचांचा ठोकळा टाकला तरी गोळ्याखाली एक सूतसुद्धा जागा वाढत नाही.

आता दुसरे. पाटा हा आपला बिनपगारी वजनकाटा आहे. तो बसला की समजावे, माल पुरे झाला. ठोकळा टाकल्यावर पाटा तेवढाच दबतो, पण हौदा मुळातच वर असल्याने गाडी बसलेली दिसत नाही. मग आपण आणखी चार पोती टाकतो. ॲक्सल तोच, बेअरिंग तेच, टायर आणि ब्रेक तेच. काटा बिघडवला म्हणून बैलाची ताकद वाढत नाही.

कडब्याचे आणखी वेगळे. मालदांडी 35-1 ही ज्वारी आपल्या मोहोळच्या केंद्रातली. तिचा कडबा उंच. तो वजनाला कमी भरतो, पण रचला की माणसाच्या डोक्यावर जातो. त्यात हौदाच उचलला की भार अजून वर जातो आणि वळणावर गाडी कलंडते. त्या कडब्यावर बहुतेक वेळा आपलाच पोरगा बसलेला असतो.

ब्रेकचे नीट ऐका. अनेक पिकअपांना मागच्या हौसिंगशी जोडलेली एक दांडी असते. हौदा किती बसला यावरून ती मागच्या ब्रेकला दाब देते. ठोकळ्यामुळे भरलेली गाडीही त्या दांडीला रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. माझी भरलेली गाडी उतारावर अशीच थांबेना. पुढे बैलगाडी होती. गाडीवानाने बैल बाजूला ओढले म्हणून आज तुमच्यापुढे उभा आहे.

ज्यांचे ठोकळे बसलेलेच आहेत त्यांनी काढून घ्यावेत. काढेपर्यंत एवढे पाहावे. ठोकळा लाकडाचा नको, एकावर एक दोन नकोत. सेंटर बोल्टचे डोके भोकात पक्के बसलेले हवे. यू-बोल्ट पुरत्या लांबीचे हवेत. ताणलेले जुने पुन्हा वापरू नयेत आणि नट पुन्हा पुन्हा आवळून घ्यावेत. ब्रेकची नळी ताणलेली नको. पाटे खरोखर थकले असतील तर कंपनीच्या मापाचे पाटे घाला. भार मात्र पासिंगइतकाच.

कायदाही माहीत असू द्या. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या नोंदीशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली आहे. जादा भाराला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000. अपघात झाला तर विमा कंपनीला बोट दाखवायला ठोकळा आयताच सापडतो.

पण मग आपण हे करतो का? हौस म्हणून नाही. एका खेपेत काम उरकले नाही तर दुसऱ्या खेपेचे डिझेल मालाच्या भावातून निघत नाही. आणि पाणंद म्हणजे काळ्या मातीचा गाळ. रस्त्याचे दुखणे आपण गाडीला औषध देऊन बरे करायला निघालो आहोत.

औषध रस्त्यालाच द्यायला हवे. शेतात जायला रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहिता 1966, कलम 143 खाली तहसीलदाराकडे बांधावरून रस्ता मागता येतो. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 खाली दावा करता येतो. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. पाणंदी पक्क्या करायला सरकारने 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना काढली. कागदावरची ती पाणंद आपल्या शिवारात उतरवणे हे आपले काम.

तेव्हा पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन गोष्टी आणाव्यात. अडलेल्या आणि चिखलातल्या रस्त्यांची गटनंबरासह यादी, आणि गाडीखालून काढलेले ठोकळे. यादी घेऊन आपण सगळे मिळून तहसीलवर जाऊ. ठोकळे भंगारात देऊ.