इंग्रजी पत्राची अखेर
(वार्षिकोत्सवात केलेले भाषण)



“इंग्रजी पत्रलेखनावर चार शब्द बोला,” असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मी काही इंग्रजीची पंडिता नव्हे. पण या विषयात एकदा चांगलीच ठेचकाळले आहे, तेवढ्याच अधिकारावर बोलते.

माझी धाकटी सून इंग्लंडची. लग्नही तिकडेच झाले. तिला पहिले पत्र लिहिले ते तीन दिवस खपून. मायना ‘डिअर’ आणि पुढे तिचे नाव. मजकूर सगळा मायेचा. आणि शेवटी, शाळेत घोटून घेतले होते तसे, ‘युअर्स फेथफुली’! महिनाभर उत्तर नाही. मग मुलाचाच फोन आला, “आई, तू तिच्यावर रागावली आहेस का? बँकेच्या नोटिशीखाली असते ते तू तिला लिहिलेस!” मला अगदी मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तेव्हा कळले, की इंग्रजांत पत्राची अखेर मायन्याला बांधलेली असते. नाव न घालता ‘डिअर सर’ किंवा ‘डिअर मॅडम’ म्हटले, तर खाली ‘युअर्स फेथफुली’. मिस्टर अमुक, मिसेस तमुक असे नावाने संबोधले, तर ‘युअर्स सिन्सिअरली’. अमेरिकेत एवढी सोवळ्याओवळ्याची बाब नाही. तेथे ‘सिन्सिअरली’ दोन्हीकडे चालते. ‘युअर्स’मध्ये वरचा स्वल्पविराम मात्र कोठेच घालू नये. ‘ओबिडिअंट सर्व्हंट’ तर आता विसराच. साहेबाच्या राज्यात मोठमोठे अंमलदारसुद्धा सरकारी पत्राखाली स्वतःला असे आज्ञाधारक सेवक म्हणवीत, आणि हुकूम आपलाच चालवीत! असो. कचेरीच्या ई-मेलला ‘काइंड रिगार्ड्स’ पुरते.

घरच्या माणसांना मात्र ‘लव्ह’. हा शब्द लिहिताना माझा हात अडला, खोटे कशाला सांगू? आपल्याकडे तो सिनेमातला. पण तिकडे आजी नातवाला आणि मैत्रीण मैत्रिणीला हाच शब्द लिहिते. आणि आपण तरी ‘लोभ असावा’ लिहीतच होतो की! लोभ म्हणजे दुसरे काय?

दुसऱ्या पत्राखाली मी धीर करून ‘विथ लव्ह, आई’ असे लिहिले. पंधरा दिवसांत उत्तर आले. खाली सुनेच्या हातचे इंग्रजी अक्षरांत दोन शब्द होते, ‘लोब असावा’. नवऱ्याला विचारून लिहिले असणार. हकार तेवढा वाटेत गळला होता.